वरचा सा, खालचा सोफा

छत्रपती संभाजीनगरात एका चौकाचं नावच टीव्ही सेंटर आहे. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं की तो हडकोच्या दिशेला लागतो, पुढचा पत्ता विचारत नाही. पण गावातली खरी टीव्ही सेंटरं रात्री साडेनऊनंतर सुरू होतात. सिडकोच्या एन-वनपासून पुढच्या सगळ्या एनांमध्ये, उस्मानपुऱ्यात, समर्थनगरात, सातारा परिसरातल्या नव्या फ्लॅटांत, जिथं एक सोफा आणि दोनपेक्षा जास्त माणसं आहेत तिथं एक केंद्र चालू होतं. पडद्यावर कुणाची तरी पोरगी जीव तोडून गात असते. तिचा अंतरा अजून यायचा असतो. सोफ्यावर निकाल मुखड्यालाच लागलेला असतो.

"सूर खाली आला." हे उद्घाटनाचं वाक्य. ते कुणीही म्हणावं, कुठल्याही गाण्याला म्हणावं. चाल वर गेली की कधीतरी खाली येणारच, तशी संगीतकारानंच ती बांधलेली असते. पण सोफ्याला संगीतकाराशी देणंघेणं नसतं. दुसरं वाक्य, "फील कमी पडला." हे पहिल्यापेक्षाही सुरक्षित, कारण फील मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. तिसरं वाक्य जाणकारांचं असतं आणि ते हळू आवाजात, शेजारच्याकडं किंचित झुकून म्हणायचं असतं: "पट्टी चुकली निवडायला." एवढी तीन वाक्यं आली की माणूस एक पर्व आरामात काढू शकतो.

आमच्या सोफ्यावर कायमचे सभासद चार. पहिल्या मावशी. या शेजारच्या, पण सोफ्यावरचा डावा कोपरा त्यांच्या नावावर आहे. त्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांत मध्यमा प्रथमपर्यंत पोचल्या, मग लग्न झालं आणि मध्यमा पूर्ण अपूर्ण राहिली. ज्यांची विशारद झाली आहे ती माणसं गाणं ऐकताना डोळे मिटतात असा माझा अनुभव आहे. मध्यमा प्रथमला थांबलेली माणसं डोळे वटारतात. दुसरे काका, वीज कंपनीतून निवृत्त. यांना गाण्यातलं काही कळत नाही हे ते स्वतःच सांगतात आणि मग अर्धा तास बोलतात. तिसरे मामा, मूळचे लातूरचे, नोकरीनिमित्त इथं आलेले आणि मनानं अजून गंजगोलाईतच असलेले. चौथी भाची. ती मान वर न करता मोबाइलमध्ये बघत असते आणि मधूनच मूळ गाणं लावून दाखवते, म्हणजे तुलनेत समोरची आणखी मागं पडावी.

हा उद्योग असा पहिल्यापासून नव्हता. १९९५ साली हिंदीत 'सा रे ग म' सुरू झालं, सोनू निगम सूत्रसंचालन करायचा आणि परीक्षकांच्या खुर्चीत एकेक पंडित, एकेक जुना संगीतकार येऊन बसायचा. त्या माणसांपुढं सोफ्यावर बसून बोलायची कुणाची टाप नव्हती. पुढच्या वर्षी दूरदर्शनवर 'मेरी आवाज सुनो' आलं, सुनिधी चौहान जिंकली. तेव्हा आम्ही "वा" एवढंच म्हटलं आणि जेवायला बसलो. नंतर मतदान आलं आणि प्रेक्षकाला कळलं की आपण नुसते श्रोते नाही, आपण मतदार आहोत. मतदार झाल्यावर माणूस गप्प बसत नाही.

याचा पहिला मोठा पुरावा २००५ चा. 'फेम गुरुकुल' नावाच्या स्पर्धेतून प्रेक्षकांनी एका लाजऱ्या बंगाली मुलाला घरी पाठवलं. त्याचं नाव अरिजित सिंग. आज आमच्या गावात असा एकही माणूस सापडत नाही ज्यानं तेव्हा "हा पोरगा पुढं जाणार" असं म्हटलं नव्हतं. काकांनीही म्हटलं होतं. काकांकडं २००५ साली केबल नव्हती, हा मुद्दा मावशींनी एकदा काढला, त्यावर काका म्हणाले, "म्हणायला केबल कशाला लागते?"

मराठीत मात्र खरी आग लागली ती 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'नं. २००८ साली ते सुरू झालं आणि ८ फेब्रुवारी २००९ च्या रविवारी संपलं. मधल्या महिन्यांत महाराष्ट्रात लग्नाच्या तारखा कशा काढल्या असतील देव जाणे. पल्लवी जोशी सूत्रसंचालक, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, आणि शेवटी उरलेली पाच पोरं: आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर आणि लातूरचा रोहित राऊत. मुग्धा 'लिटिल मॉनिटर', प्रथमेश 'मोदक', रोहित 'रॉकस्टार'. ही टोपणनावं घराघरांत इतकी मुरली की आमच्या वर्गशिक्षिका बहिणीनं खऱ्या मॉनिटरला सुद्धा 'लिटिल' लावायला सुरुवात केली. तो सहा फुटी होता.

त्या कार्यक्रमात गुण आकड्यांत नव्हते, स्वरांत होते. 'ध' म्हणजे बरं, 'नी' म्हणजे फार छान, आणि अगदी कळसच झाला तर 'वरचा सा'. या पद्धतीनं घरांची जी वाट लावली ती कुठल्याही मालिकेला लावता आली नाही. आमटीला 'ध' मिळू लागला. सासूबाईंनी सुनेच्या पुरणपोळीला 'नी' दिला आणि 'वरचा सा' का नाही यावर दोन दिवस अबोला चालला. एका मुलानं चाचणी परीक्षेचा पेपर घरी आणला, गणितात आठ गुण, आणि बापाला म्हणाला, "बाबा, 'रे' पडला." गावातल्या माळ्यांवरून पेट्या खाली उतरल्या, भाते फाटलेले निघाले, आणि ज्यांच्या घरात तीन पिढ्या कुणी आंघोळीतही गायलं नव्हतं त्यांची पोरं संगीताच्या क्लासला जाऊन बसली. क्लासच्या बाईंना पालक पहिला प्रश्न विचारायचे, "टीव्हीवर जायला किती महिने लागतात?"

पण मला सांगायचं आहे ते लातूरबद्दल. लातूर आणि आमचं गाव यांचं नातं भावकीतलं. आमच्याकडं हायकोर्टाचं खंडपीठ, विद्यापीठ, विभागीय आयुक्तालय. त्यांच्याकडं बारावीचा लातूर पॅटर्न. एकमेकांचं कौतुक करायचं नाही हा दोन्ही बाजूंनी पाळलेला अलिखित करार. रोहितनं तो मोडला. पोरगा स्पर्धेत टिकत चालला तसतसं आमचं गाव हळूहळू वितळलं. आधी "लातूरचा आहे, पण गातो बरा." मग "आपल्या मराठवाड्याचा आहे." आणि शेवटच्या आठवड्यात तर "आपला रोहित", जणू गुलमंडीवर इमरती खातच लहानाचा मोठा झाला होता.

मामांचा त्या काळातला रुबाब बघण्यासारखा होता. रोहित गायला उभा राहिला की ते सोफ्यावरून उठून उभे राहायचे. "काय गायलालंय पोरगं!" एवढं म्हणून पुन्हा बसायचे. मत मोबाइलच्या मेसेजनं द्यायचं होतं आणि तो मेसेज साध्या मेसेजपेक्षा महाग होता. मामांनी महिन्याचं रिचार्ज तीन दिवसांत संपवलं, मग मामींचं संपवलं, मग माझा फोन मागितला. "फोन करायचाय घरी," म्हणाले. फोन परत आला तेव्हा बॅलन्स सव्वा रुपया होता आणि पाठवलेल्या मेसेजांत सगळीकडं एकच नाव. मी काही बोललो नाही. मराठवाड्याचा प्रश्न होता.

त्यात ती वर्षं भारनियमनाची. वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि कार्यक्रमाचं वेळापत्रक टीव्हीवर, आणि दोन्हींचा मेळ बसवायचं काम काकांकडं होतं. ते तेव्हा नोकरीत होते. त्यांच्या आयुष्यात तेवढी किंमत त्यांना पुन्हा कधी आली नाही. कुठल्या गल्लीचा फीडर वेगळा, कुठं साडेनऊला लाइट असणार, हे काकांना पाठ. लाइट गेली की आमची अख्खी गल्ली उठून पलीकडच्या गल्लीत ज्यांच्याकडं फीडर वेगळा त्यांच्या घरी. त्या घरातल्या माणसांची ओळख असण्याची गरज नव्हती. चपला बाहेर काढायच्या, "कोण गातंय?" विचारायचं आणि जमिनीवर बसायचं. त्या घराच्या वहिनींनी एकदा पंचवीस माणसांना पाणी दिलं आणि नंतर चौकशी केली की यातले आपले पाहुणे कोणते.

अंतिम फेरीत कार्तिकी जिंकली. मावशी म्हणाल्या, "योग्यच झालं. गळ्यात वारकरी संप्रदाय आहे पोरीच्या." मामा त्या रात्री जेवले नाहीत. म्हणजे आमच्याकडं जेवले नाहीत; घरी जाऊन जेवले असं मामींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पण मनातून त्यांनी ते सोडलं नाही. २०२० मध्ये हाच रोहित हिंदी 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात अंतिम फेरीत पोचला, उपविजेता झाला, आणि मामा पुन्हा उभे राहिले. आता त्यांचे गुडघे दुखतात. "दोनदा हुकलं," म्हणाले आणि बसले. प्रथमेश आणि मुग्धाचं २०२३ च्या डिसेंबरात लग्न झालं तेव्हा मावशींनी आहेर सोडून बाकी सगळं केलं. मोबाइलवर फोटो मोठे करून बघितले, "आपल्यासमोर वाढलेली पोरं" म्हणाल्या आणि डोळे पुसले. ज्या पोरांना आपण एकदाही भेटलो नाही त्यांच्याबद्दल असं वाटावं, हे त्या कार्यक्रमाचं यश खरंच मोठं होतं. त्यानंतर इतक्या स्पर्धा झाल्या, 'सूर नवा ध्यास नवा' आलं, मराठी 'इंडियन आयडॉल' आलं, गळे तर त्याहूनही तयार आले. पण विजेत्यांची नावं विचारली तर सोफा छताकडं बघतो.

मधल्या काळात एक गोष्ट बिघडली आणि तिच्यामुळंच सोफ्यावरचा भार वाढला. परीक्षक गोड झाले. आता पडद्यावर कुणी वाईट गातच नाही. कुणाचं गाणं ऐकून परीक्षकाच्या अंगावर काटा येतो, कुणाचं ऐकून त्याला शब्द सुचत नाहीत, आणि शब्द सुचत नाहीत हे तो चार मिनिटं सांगतो. कधी तर खुर्ची सोडून मंचावर जातो, पाया पडू लागतो, आणि त्या पोराला कळत नाही की आपण खाली वाकायचं की त्यांना वर उचलायचं. "तू आज दिसतेस किती गोड!" असं परीक्षक म्हणाला की आम्ही एकमेकांकडं बघतो. गाणं गेलं, हे सगळ्यांना कळलेलं असतं.

२०२१ मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या बाराव्या पर्वात किशोर कुमारांच्या गाण्यांचा खास भाग झाला. त्यांचे चिरंजीव अमित कुमार पाहुणे म्हणून गेले होते. नंतर त्यांनी एका मुलाखतीत मोकळेपणानं सांगून टाकलं की मला सगळ्यांचं कौतुकच करायला सांगितलं होतं आणि मी ते केलं. देशभर गदारोळ झाला. आमच्या सोफ्यावर मात्र शांतता होती. मावशी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे काम आपल्यावरच आहे." त्या पर्वाची अंतिम फेरी १५ ऑगस्टला दुपारी बाराला सुरू झाली आणि मध्यरात्री संपली. बारा तास. झेंडावंदन करून आलेली माणसं बसली ती पवनदीप राजनच्या हातात ट्रॉफी येईपर्यंत बसली. मराठी घरांचा जीव सायली कांबळेत अडकलेला होता. सातव्या तासाला काकांचे सगळे शेरे संपले आणि ते जाहिरातींतल्या गाण्यांवर बोलू लागले.

गाण्याच्या आधी जी फिल्म दाखवतात, गाव, पत्र्याचं घर, चुलीपुढं आई, तिच्यावर सोफ्याची स्वतंत्र मतं आहेत. काका तिला 'स्टोरी' म्हणतात. स्टोरी चालू असताना मावशी रडतात, अगदी मनापासून, पदर भिजेपर्यंत. स्टोरी संपून तानपुरा लागला की पदर खाली येतो आणि चेहरा मध्यमा प्रथमचा होतो. "गरिबी वेगळी, गंधार वेगळा," हे त्यांचं वाक्य मी कुठल्याही संगीत समीक्षेत वाचलेलं नाही आणि मला ते फार आवडतं. २०२३ साली 'लिटिल चॅम्प्स' जिंकलेल्या गौरी अलका पगारेला मात्र त्यांनी रडताना आणि ऐकताना सारखेच गुण दिले. नावात मधे आईचं नाव लावणारी कोपरगावची मुलगी. कोपरगाव खरं तर अहिल्यानगर जिल्ह्यातलं, पण मामांनी नकाशा हातात घेतला. "वैजापूर ओलांडलं की कोपरगाव. वैजापूर कुणाचं? आपलं. मग पोरगी कुणाची?" मराठवाड्याची सीमा अशी गेल्या पंधरा वर्षांत चहूकडं वाढलेली आहे आणि शासनाला त्याची दखल नाही. वैशाली माडे विदर्भातली, तिनं मराठी सारेगमप जिंकून मग हिंदीही जिंकलं, पुढं 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषालच्या बरोबरीनं गायली. तिलाही मामा एकदा ओढून आणत होते, पण वर्धा फारच लांब पडलं.

आता पाण्याचं सांगतो, कारण आमच्या गावात पाण्याशिवाय कुठलीच गोष्ट पूर्ण होत नाही. जायकवाडीसारखं धरण पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि नळाला पाणी रोज येत नाही. किती दिवसांनी येतं ते इथं लिहीत नाही. हा मजकूर छापून होईपर्यंत वेळापत्रक बदललेलं असेल. येतं तेव्हा मात्र कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. एका उपांत्य फेरीला असंच झालं. सगळ्यांच्या आवडीची मुलगी गायला उभी राहिली, वाद्यवृंदानं सुरुवातीचा तुकडा वाजवला, आणि खालून कुणीतरी ओरडलं, "नळ आले!" सोफा एका सेकंदात रिकामा झाला. काका गच्चीवर टाकीकडं, मामा खाली मोटारीकडं, भाची बादल्यांकडं. मावशी आमच्या मोरीत पाइप धरून उभ्या राहिल्या, कारण त्यांच्या घरचा ड्रम आधीच लावून झाला होता. मोटार सुरू झाली. मावशींनी कान दिला आणि म्हणाल्या, "काळी दोनमध्ये लागलीय." बाहेरच्या खोलीत ती मुलगी काळी चारमध्ये गात होती. पाइप धरलेल्या हातानंच मावशींनी दोन्हींतलं अंतर मोजलं आणि तोंड वाकडं केलं.

आम्ही परत येऊन बसलो तेव्हा गाणं संपलेलं होतं. तिन्ही परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. काका गच्चीवरून उतरले, पायजम्याचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, कपाळावर घाम. पंख्याखाली उभे राहून म्हणाले, "अंतऱ्यात गडबडली."

"काका, तुम्ही गच्चीवर होतात. वर ऐकू येत होतं?"

"ऐकायला कशाला लागतं? त्या गाण्यात अंतऱ्याला सगळेच गडबडतात."

यावर सोफ्यावर कुणी हसलं नाही. मावशींनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी हाच खटला पानाच्या टपरीवर वरच्या कोर्टात चालतो. तिथली भाषा आमची दखनी हिंदी, आणि तिच्यात टीका केली की कुणाला लागत नाही. "क्या गायी भाई वो लडकी! जजां सो रे थे क्या?" पानवाला कात लावता लावता म्हणतो. परीक्षक झोपलेले नव्हते, उभे राहून टाळ्या वाजवत होते, हे त्याला सांगून उपयोग नाही. मुलगी बाहेर गेली असेल तर परीक्षक झोपलेले होते, आणि आत राहिली असेल तर पैसे खाल्ले. मधला पर्याय टपरीवर मिळत नाही.

मला याचं आश्चर्य वाटतं ते एवढ्यासाठी की हे गाव मुळात दाद देणारं. सिराज औरंगाबादी अठराव्या शतकात इथं बसून गझल लिहीत होता. मुशायऱ्याला आजही जाऊन बघा, शेर पसंत पडला की पुन्हा म्हणायला लावतात, नाही पडला तर सभागृहात चुळबुळ सुरू होते आणि शायर समजून घेतो. गुण द्यावे लागत नाहीत. १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर भीमगीतांना जी गर्दी असते तिला तर गायकाचा आवाज बसलेला असला तरी चालतो, शब्द खरा असला की ती ओळ उचलून घेते. आणि पंडित नाथराव नेरळकर याच गावात राहिले, शिकवत राहिले, २०२१ मध्ये गेले. मावशी त्यांच्या एका मैफलीची आठवण सांगतात. काय राग होता विचारलं तर सांगतात, बंदिश विचारली तर सांगतात. सूर खाली आला होता का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी उठून चहा टाकायला गेलो.

तेव्हा ऐकणं येत नाही असं नाही. समोर माणूस बसून गात असला की आम्ही ऐकतो. काच मधे आली की गुण देतो. आणि याचा खुलासा मला परवा झाला, तो काकांमुळं.

निवृत्तीनंतर काका कराओके क्लबात जातात. हे क्लब आता प्रत्येक गावात आहेत. निवृत्त इंजिनिअर, चालू डॉक्टर, बँकेतले, वकील. वर्गणी काढून हॉल घ्यायचा, शब्द पडद्यावर पळवायचे आणि त्यांच्या मागं आपण पळायचं. काकांनी किशोर कुमारांचं गाणं निवडलं होतं. आम्ही सगळे पहिल्या रांगेत. मंचावर काका जाकिटात, खिशात लाल रुमाल, हातात माइक असा धरलेला जणू मीटरचं रीडिंग घेतायत. संगीत सुरू झालं, पडद्यावर पहिली ओळ आली, पिवळी झाली, निघून गेली. काका दुसऱ्या ओळीला आत शिरले. मुखडा त्यांनी एका पट्टीत घेतला, अंतरा दुसऱ्या. मधल्या संगीतात त्यांना थांबायचं लक्षात राहिलं नाही, त्यामुळं पहिलं कडवं दोनदा झालं. ज्या शेवटच्या अंतऱ्यात सगळेच गडबडतात, त्यात ते गडबडले नाहीत, कारण तिथं पोचेपर्यंत ट्रॅक संपला होता.

टाळ्या पडल्या. काका घामाघूम होऊन खाली आले, थेट मावशींपुढं उभे राहिले आणि विचारलं, "कसं झालं?"

मी मावशींकडं बघितलं. चाळीस वर्षं डोळे वटारलेल्या त्या बाईनं पदर सावरला. "काय सांगू भाऊजी," म्हणाल्या, "अंगावर काटा आला." मामा पुढं झाले, "गळ्यात गोडवा आहे हो तुमच्या, कधी बोलला नाहीत!" भाचीनं मोबाइल खाली ठेवला, हे आम्ही पहिल्यांदाच बघितलं, आणि म्हणाली, "काका, जाकीट एकदम भारी." माझी पाळी आली. मी म्हणालो, "मला शब्द सुचत नाहीयेत," आणि तेच दोन-तीन मिनिटं सांगत राहिलो.

माणूस तीन फुटांवर उभा असला आणि त्याच्या कपाळावर घाम असला की त्याला 'ध' देता येत नाही. टीव्हीवरच्या परीक्षकांना रोज तीन फुटांवर तीच पोरं उभी दिसतात. मी त्यांच्याबद्दलचे माझे सगळे शब्द मागं घेतलेत. मामांनी घेतलेले नाहीत, रोहितचा हिशेब अजून बाकी आहे म्हणतात.

काकांचा पुढचा कार्यक्रम दिवाळीनंतर आहे. या वेळी दोन गाणी आहेत, त्यातलं एक युगुलगीत, आणि दुसरा आवाज मावशींचा आहे. प्रवेश विनामूल्य आहे, चहा आहे, आल्याशिवाय राहू नका. पहिली रांग घरच्यांसाठी राखीव आहे, पण खरं सांगायचं तर मागच्या दाराजवळची घ्या.